चव्वेचाळीस पावलं मागे

नाना, माप घ्यायचा व्हर्निअर धरायला मला तुम्ही शिकवलंत. पॉइंटच्या पुढचं शून्य वाचायला तुम्ही शिकवलंत. प्रेसच्या आवाजात समोरच्याचं बोलणं त्याच्या ओठांवरून कसं ओळखायचं, हेही तुमच्याकडूनच शिकले. नाशकात मला 'जेवलीस का' असं पहिल्यांदा तुम्ही विचारलंत, आणि मी न जेवता 'जेवले' म्हटलं तर अर्धी भाकरी टेबलावर सरकवून तुम्ही मापं घ्यायला लागलात. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं लिहायला हात अडतो.

तुम्ही गेलात. परवा तेरावं झालं.

जेवणाच्या पंगती उठल्यावर मी चप्पल शोधत होते, तर काकूंनी मला आत बोलावलं. त्यांनी तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्यातून तो वॉशर काढला आणि माझ्या हातात ठेवला. "तुझ्याकडंच राहू दे बाई. दिवसभर बोटानं फिरवत बसायचे. मला त्यातलं काय कळतंय." मी तो मुठीत धरला. पाथर्डी फाट्यापासून रूमपर्यंत चालत आले. रिक्षात बसले असते तर रडले असते, आणि अनोळखी माणसासमोर रडायला मला अजून जमत नाही.

वॉशर आता माझ्यासमोर आहे. त्यावर तुम्ही नंबर पंचने ठोकलेला आकडा आहे, ४३,००,०२७. शेवटचा सात जरा तिरका बसलाय. चाळीस वर्षांत तुमचा एवढा एकच पंच तिरका पडला असेल.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून सांगते. रीडिंग घेताना शून्यापासून सुरुवात करायची, असं तुम्हीच म्हणायचात.

मी आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सातवीपुढची शाळा लांब होती आणि घरात माझ्यामागे धाकटी दोघं होती, म्हणून शाळा तिथेच राहिली. किनवटच्या पुढचं आमचं गाव, गाड्या बदलत नाशिकला यायचं तर एक अख्खा दिवस जातो. अंबडच्या त्या कारखान्यात मला सात नंबरच्या प्रेसवर उभं केलं. दोन हातांनी दोन बटणं दाबायची, प्रेस खाली येते, म्हणजे एक स्ट्रोक, एक वॉशर पडतो, आणि बाजूचा काउंटर एकाने पुढे सरकतो. पहिल्याच दिवशी तुम्ही एक नग माझ्या हातात देऊन माप वाचायला सांगितलंत. मी म्हटलं, "बारा पॉइंट चार." होतं बारा पॉइंट शून्य चार. मागे दोघी हसल्या. तुम्ही हसला नाहीत. मला विचारलंत, "कुठली तू?"

"किनवटची."

"लय लांबून आली. मग शून्य रस्त्यातच पडलं असंल. उद्या शोधू."

तेव्हापासून माझं नाव किनवट पडलं. सगळ्या शॉपमध्ये मला शोभा म्हणणारी माणसं तीन, किनवट म्हणणारी चाळीस.

शिफ्ट सुटायच्या आधी मशीनमधून पडलेला शेवटचा नग, म्हणजे लास्ट पीस, तुमच्या टेबलावर आणायचा हा नियम. तुम्ही तो मापणार, जॉब कार्डावर काउंटरचा आकडा लिहून सही करणार, मगच आम्ही घरी. त्या पाच मिनिटांत तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून कार्डाकडे बघायचात आणि विचारायचात, "माय शे का याले?" सटाण्याच्या पलीकडचे तुम्ही. एवढी वर्षं नाशकात काढलीत तरी खुशीत असलात की बागलाणची बोली वर यायची.

म्हणजे, याला आई आहे का? पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या आईबद्दल विचारताय. तुम्ही कार्डाच्या पाठीवर लिहून दाखवलंत. कुठलाही आकडा घ्यायचा. त्याचे अंक मिळवायचे. ती बेरीज त्याच आकड्यात टाकायची. बारा घेतला तर एक नि दोन तीन, बारा नि तीन पंधरा. म्हणजे बारा ही पंधराची आई. "खेळ माझा नाय," तुम्ही म्हणालात, "आमच्या शाळेत एका मास्तरनं शिकवला. त्याला कोणी शिकवला त्याला ठाऊक."

पुढचे कितीतरी महिने त्या पाच मिनिटांसाठी मी दिवसभर उभी राहायचे. वीसला आई नाही हे मी स्वतः शोधलं, एक ते एकोणीस सगळे करून बघितले. एकशे एकला दोन आया आहेत, एक्क्याण्णव आणि शंभर, हे तुम्ही दाखवलंत आणि म्हणालात, "नशीब बघ. देवकी पण हाय नि यशोदा पण." एकशे आठला एकही नाही. मी म्हटलं, "जपमाळेचा आकडा ना तो?" तर तुम्ही म्हणालात, "म्हणून तर लोक त्याला रोज बोटांनी कुरवाळतात."

काउंटरचे आकडे मोठे. सात घरं. मला वाटायचं एवढ्या मोठ्या आकड्याची आई शोधायला आयुष्य जाईल. तुम्ही म्हणालात, घाबरू नको. सात घरं, एका घरात फार तर नऊ, सात नव्वे त्रेसष्ट. म्हणजे आई असलीच तर त्रेसष्ट स्ट्रोकच्या आतच मागे असणार. आकडा लाखात असू दे, चाळीस लाखांत असू दे. मी त्या दिवशी घरी जाताना हेच मनात घोळवत होते. माझी आई एका अख्ख्या दिवसाच्या वाटेवर होती, आणि या लोखंडी मशीनमधल्या आकड्याची आई हाकेच्या अंतरावर.

त्याहून सोपी वाटही तुम्हीच दिलीत. आकड्याचे अंक मिळवत मिळवत एकच अंक उरेपर्यंत जायचं. तो सम असेल तर निम्मा करायचा, विषम असेल तर नऊ टाकून निम्मा. तेवढी पावलं मागे जाऊन बघायचं, मग नऊ-नऊ पावलं आणखी मागे. आई असेल तर याच पायऱ्यांवर बसलेली असणार. जितकी पावलं मागे गेलो तितकीच तिच्या अंकांची बेरीज भरली पाहिजे. असं का होतं ते मला अजून सांगता येत नाही. तुम्ही म्हणाला होतात, "ते सांगीन कधीतरी निवांत." ते राहिलं.

एकदा ४२,१७,३५८ आला होता. अंक मिळवले तर तीस, म्हणजे तीन. तीन नि नऊ बारा, बाराचे सहा. सहा पावलं मागे गेले, बेरीज चोवीस. पंधरा मागे गेले, बेरीज चोवीस. मी वैतागून म्हटलं, "नाना, सगळीकडे चोवीसच येतंय." तुम्ही व्हर्निअर पुसत म्हणालात, "मग चोवीस मागं जा की." तिथे ४२,१७,३३४ बसला होता. चार नि दोन नि एक नि सात नि तीन नि तीन नि चार. चोवीस. मी एवढ्या जोरात हसले की शेजारच्या प्रेसवाली म्हणाली, "हिचं काय पोट-बिट बिघडलंय का?"

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. तुम्ही म्हणायचात, मी रिटायर झालो की या टेबलावर तू बस. मी म्हणायचे, मला येत नाही. टेबलावर बसणाऱ्याची सही लागते, आणि एक चुकीची सही म्हणजे अख्खा लॉट चुकीचा. सातवी पास बाईने सही करायची? तुम्ही चिडायचात. "सातवीत काय मोजायला शिकवत नाय का?" मी प्रेसकडे परत जायचे. तुम्हाला वाटायचं मी हट्ट करते. खरं सांगू का, नाना, मला रोज सकाळी प्रेससमोर उभं राहताना पण पोटात खड्डा पडतो. तुम्हाला तो दिसला नाही, कारण तुम्ही शेजारी असलात की तो भरून यायचा.

शेवटी तुम्ही करार केलात. सगळ्यांसमोर, चहाच्या वेळी. "ज्या दिवशी माझी एक चूक ही दाखवंल, त्या दिवसापासून हिनं 'येत नाय' म्हणायचं बंद करायचं." मशीन लावून देणारा सेटर हसून म्हणाला, "म्हणजे कधीच नाही. नानांची चूक सापडायची म्हणजे अंबडला समुद्र यायचा." मीही हसले. मला तो करार आवडला होता. त्याच्या आडोशाला मी सुरक्षित होते.

आता त्या दिवसाचं. तुमचा कामाचा शेवटचा दिवस.

आपल्या शॉपमध्ये दर लाख स्ट्रोकला डाय, म्हणजे वॉशर कापणारा साचा, उतरवून धार लावायला टूलरूममध्ये द्यायची पद्धत. त्या दिवशी सकाळी साडेदहाला माझ्याच हातून काउंटरवर ४३,००,००० आले. डाय उतरली. मागच्या लॉटच्या पेट्या तुम्ही सील केल्यात. डाय तीन वाजता परत आली, बसवली, तुम्ही हळदकुंकू लावून नारळ फोडलात आणि नेहमीसारखं म्हणालात, "डाय नवी, जन्म नवा." मग अगदी हळू हळू, प्रत्येक नग तुम्ही बघून, सत्तावीस वॉशर निघाले आणि शिफ्टची बेल झाली.

सगळे टेबलाभोवती जमले होते. हार होता, पेढे होते, साहेब भाषण आठवत उभे होते. तुम्ही लास्ट पीस मापलात, कार्डावर लिहिलंत ४३,००,०२७, आणि कोणाकडे लक्ष न देता मला विचारलंत, "माय शे का याले?"

मी मनात केलं. अंक मिळवून सोळा, सोळाचे सात. सात नि नऊ सोळा, सोळाचे आठ. आठ मागे ४३,००,०१९, बेरीज सतरा. सतरा मागे ४३,००,०१०, बेरीज आठ. बघा, कशी चुकामूक झाली होती. आठवर सतरा आणि सतरावर आठ. सव्वीस मागे ४३,००,००१, पुन्हा आठ. तो तर धार लावल्यानंतरचा पहिलाच नग.

त्याच्या पुढची पायरी लाखाच्या पलीकडे होती. तिथे आपण कधी जायचो नाही. मागचा लॉट बंद, त्याच्या पेट्या सील, आणि सील केलेल्या पेटीत हात घालायचा नाही हा तुमचा धर्म होता. खेळातही तुम्ही तो पाळायचात. धार लावली की त्याआधीचं सगळं संपलं.

पण माझ्या मनात आलं होतं, नाना. हे मला आज तुम्हाला सांगायचंय. माझ्या मनात आलं होतं की सात घरं म्हणजे त्रेसष्टपर्यंत जायला हवं आणि आपण सव्वीसवरच थांबतोय. काउंटरला काय माहीत डाय उतरली ते? तो तर सरळ पुढे चाललाय. मी तोंड उघडलं. तुम्ही विचारलंत, "काय, किनवट?" माझी नजर त्या सील केलेल्या पेट्यांकडे गेली, हाराकडे गेली, साहेबांकडे गेली. चुकलं तर? एवढ्या लोकांत, तुमच्या शेवटच्या दिवशी?

"नाही, नाना. याला आई नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

तुम्ही हसलात. "चांगलं शे. माझ्यासारखाच निघाला." आणि तो वॉशर ऐरणीवर ठेवून एकेक अंक ठोकायला लागलात. लोकांना वाटलं थट्टा आहे. मला माहीत होतं. एकदा मायक्रोमीटर पुसता पुसता तुम्ही मला सांगितलं होतं की तुम्ही दोन वर्षांचे असताना आई गेली, मोठ्या चुलतीनं वाढवलं, आणि आईचा चेहरा आठवत नाही, फोटो पण नाही. त्यानंतर पुन्हा तो विषय काढला नव्हता.

मग चार महिने तो वॉशर तुमच्या किल्ल्यांना होता. रविवारी काकू कळण्याची भाकरी करायच्या, मी यायचे, तुम्ही बोटात तो फिरवत बसायचात. प्रत्येक रविवारी मला वाटायचं, आज म्हणू, नाना, एक पायरी मागे जाऊन बघू का? आणि प्रत्येक रविवारी मी ठेच्याचं कौतुक करून परत यायचे. शेवटच्या वेळी तुम्ही दारापर्यंत आलात आणि विचारलंत, "साहेब काय म्हणतो टेबलाचं?" मी म्हटलं, "बघू." तुम्ही म्हणालात, "बघ बघ." हेच आपलं शेवटचं बोलणं. बघ बघ.

आज रविवार. माझी रूमपार्टनर माहेरी वणीला गेली आहे. दुपारी सगळी चाळ टीव्हीसमोर होती. मी वॉशर पुढ्यात घेऊन बसले आणि जुन्या जॉब कार्डाच्या पाठीवर तीच बेरीज मांडली. आठ, सतरा, सव्वीस. मग पेन्सिल थांबली. घरात कोणी नव्हतं, तरी मी दाराकडे बघितलं. एवढी भित्री मी.

पस्तीस मागे गेले. ४२,९९,९९२. बेरीज चव्वेचाळीस. नाही जुळली.

चव्वेचाळीस मागे गेले. ४२,९९,९८३. चार नि दोन सहा, नऊ पंधरा, नऊ चोवीस, नऊ तेहतीस, आठ एक्केचाळीस, तीन चव्वेचाळीस.

मी तीन वेळा केलं. एकदा उलटीकडून केलं. मग भिंतीला टेकून बसले.

त्याला आई आहे, नाना. त्याच दिवशी सकाळी, साडेदहाच्या जरा आधी, माझ्याच दोन हातांखालून ती पडली होती. तुम्ही स्वतः तिच्या पेटीवर सील मारलंत. ती दुपारभर तुमच्या पाठीमागे चार फुटांवर होती आणि आपण दोघं म्हणत होतो, नाही.

मध्ये एक विचार आला की तुम्हाला हे माहीत असणार. मुद्दाम ठेवली असणार ती चूक, माझ्यासाठी. लोक म्हणतील तसं. पण मला ते नको आहे. मला तुमची खरी चूक हवी आहे, तुमच्या धर्मापायी झालेली, तिरक्या साताएवढी खरी. मुद्दाम ठेवलेली असेल तर ती माझी शिकवणी झाली. खरी असेल तर ती तुम्हाला सांगायची राहिली, आणि हे सांगायचं राहणं तेवढं माझं आहे.

कोणाला तरी सांगावं म्हणून आईला फोन लावला. ती म्हणाली, "आज कामून फोन केलीस गं? बरी हायस ना?" मी म्हटलं, "नाना गेले." ती म्हणाली, "कोण नाना?" तेव्हा लक्षात आलं की एवढ्या वर्षांत मी तिला तुमच्याबद्दल सांगितलंच नव्हतं. परगावात कोणी माया लावतं म्हटलं की तिला काळजी लागते, म्हणून. मी सांगायला लागले. व्हर्निअर, भाकरी, आकड्यांच्या आया. तिला काही कळलं नसणार. बराच वेळ ती नुसती 'हं' म्हणत होती. मग म्हणाली, "मंग तू जेवलीस का?"

मी म्हटलं, "नाही." पहिल्यांदा खरं बोलले.

उद्या सोमवार. टेबलाचं काय ते उद्या सांग, असं साहेबांनी सांगितलंय. तुमच्यानंतर बसवलेला मुलगा महिन्यात सोडून गेला, बाहेरून माणूस आणणार आहेत. शनिवारपर्यंत माझं उत्तर ठरलेलं होतं. 'नाही जमणार, साहेब' हे वाक्य मी आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं. पण करार तुम्ही सगळ्यांसमोर केला होतात, सेटर साक्षीला होता. चूक सापडली. आता 'येत नाही' म्हणायची सोय राहिली नाही. पोटातला खड्डा आहे तसाच आहे. तो घेऊनच साहेबांच्या केबिनमध्ये जाईन आणि हो म्हणेन. तुमच्या खुर्चीची उंची मला जास्त होते, तेवढी कमी करून मागीन.

नंबर पंचचा डबा टेबलाच्या खालच्या खणात असतो. पहिल्याच दिवशी तो काढीन आणि या वॉशरच्या दुसऱ्या बाजूला ४२,९९,९८३ ठोकीन. सरळ येतील की नाही माहीत नाही. मग तो काकूंना परत नेऊन देईन. त्यांच्या किल्ल्यांना राहू दे. आईलेकरं एकाच लोखंडावर, पाठीला पाठ लावून.

आणि तुमचं जे माझ्याकडे आहे ते एका वॉशरने फिटणारं नाही, हे मला कळतं. ते फेडायचं एकच ठिकाण मला दिसतं. त्या टेबलावर मी बसून राहीन, रोज लास्ट पीस मापीन, रोज समोरच्या बाईला विचारीन, याला आई आहे का. कधीतरी त्यांतली एक जण, अशीच कुठल्यातरी लांबच्या गावची, तोंड उघडेल आणि मिटून घेईल. त्या दिवशी मी तिला घरी जाऊ देणार नाही, नाना. तिने माझी चूक मला दाखवेपर्यंत जॉब कार्डावर सही करणार नाही.